इमारतीचा अंगरखा आणि कोकणचा पाऊस

शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 124 गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. ‘तिसरी मुंबई’ हा शब्द आता पेणच्या बाजारपेठेतही रुळला आहे. मुंबई-गोवा महामार्ग, दिवा-रोहा रेल्वेमार्ग, धाटावची औद्योगिक वसाहत आणि डोलवीचा पोलाद कारखाना यांच्यामुळे पेण-रोहा पट्ट्यात दुकाने, बँका, दवाखाने, हॉटेले आणि कार्यालयांच्या इमारतींची मागणी वाढणार, हे उघड आहे.

या इमारती कशा दिसणार हा प्रश्न वास्तुविशारदांचा. त्या दिसण्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न मात्र आरोग्याचा आणि विज्ञानाचा आहे. व्यापारी इमारतीला हल्ली नुसता गिलावा आणि रंग पुरत नाही. दर्शनी भागावर वेगळे आवरण चढवले जाते. त्याला बांधकामाच्या भाषेत ‘क्लॅडिंग’ म्हणतात. काच आणि चकचकीत पत्र्यांनंतर आता काँक्रीटच्या पातळ फलकांकडे कल वाढतो आहे. ते दगडासारखे दिसतात, जळत नाहीत आणि हव्या त्या आकारात ओतता येतात. पण मुंबईच्या किंवा परदेशातल्या चित्रावरून निवडलेला फलक पेणच्या पावसात तसाच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

तीन प्रकारची आवरणे

बाजारात सध्या तीन प्रकारची आवरणे प्रामुख्याने दिसतात. पहिले अॅल्युमिनियम कंपोझिट पॅनल, म्हणजे ‘एसीपी’. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर असलेला हा फलक चार मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. एका चौरस मीटरचे वजन पाच ते आठ किलो भरते. स्वस्त, हलका आणि झटपट बसणारा असल्याने दुकानांच्या पाट्यांपासून रुग्णालयांपर्यंत तो सगळीकडे पोहोचला आहे.

दुसरा प्रकार काँक्रीटच्या पूर्वनिर्मित जाड फलकांचा. त्यात लोखंडी सळया असतात. 100 मिलिमीटर जाडीच्या अशा फलकाचे वजन चौरस मीटरला सुमारे 240 किलो होते. म्हणजे जेमतेम शंभर चौरस मीटरचा दर्शनी भाग झाकला, तरी इमारतीवर 24 टनांचा भार वाढतो. हा भार मूळ आराखड्यातच धरावा लागतो. उभ्या इमारतीवर नंतर सुचलेली हौस म्हणून तो चढवता येत नाही.

तिसरा प्रकार काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटचा, म्हणजे ‘जीआरसी’. यात सळया नसतात. सिमेंट आणि बारीक वाळूच्या मिश्रणात वजनाच्या तीन ते पाच टक्के काचेचे तंतू असतात. त्यामुळे 10 ते 15 मिलिमीटर जाडीचा फलकही पुरेसा मजबूत होतो आणि त्याचे वजन चौरस मीटरला 20 ते 30 किलोंवर येते. अझरबैजानची राजधानी बाकू येथील हैदर अलियेव केंद्राचे लाटेसारखे वळणारे बाह्यांग याच प्रकारच्या फलकांमुळे शक्य झाले. जाळ्या, कमानी, नक्षी, खांबांची वेष्टने असे बरेच काही जीआरसीमध्ये ओतता येते. म्हणूनच नव्या व्यापारी इमारतींसाठी त्याचे आकर्षण आहे.

पाऊस हाच पहिला परीक्षक

रायगड जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पेणजवळ धरमतरची खाडी आहे. रोहा कुंडलिकेच्या काठी वसलेले आहे आणि नदी पुढे रेवदंड्याच्या खाडीला मिळते. खुल्या समुद्रापासून आत येऊ लागले की हवेतील मिठाचे प्रमाण पहिल्या काही किलोमीटरांतच झपाट्याने उतरते. त्यामुळे पेणची हवा अलिबागच्या किनाऱ्याइतकी खारी नाही. पण म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही.

काँक्रीटच्या बांधकामासाठी भारतीय मानक ‘आयएस 456’ (2000) हा मूळ ग्रंथ मानला जातो. त्यात परिसराचे सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि आत्यंतिक असे पाच वर्ग आहेत. किनारी प्रदेशाला उघडे असलेले काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात येते. पण त्याच वर्गात जोरदार पाऊस झेलणारे आणि आलटून पालटून भिजणारे-सुकणारे काँक्रीटही येते. म्हणजे मिठाचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी कोकणातली उघडी भिंत केवळ पावसामुळेच ‘तीव्र’ वर्गात बसते. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गंज आणणाऱ्या वाफा असलेला परिसर हे मानक ‘अतितीव्र’ वर्गात टाकते. धाटावसारख्या रासायनिक वसाहतीच्या शेजारी इमारत बांधणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचायला हवे.

वर्ग बदलला की आकडे बदलतात. लोखंडी सळईवर काँक्रीटचा किमान किती थर हवा, याला ‘कव्हर’ म्हणतात. सौम्य परिसरात ते 20 मिलिमीटर, मध्यम परिसरात 30, तीव्र परिसरात 45 आणि अतितीव्र परिसरात 50 मिलिमीटर लागते. काँक्रीटची प्रतही तीव्र परिसरात किमान एम 30 आणि अतितीव्र परिसरात एम 35 हवी.

हे आकडे का महत्त्वाचे, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. ताजे काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते. त्याचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो. त्या वातावरणात सळईभोवती एक अदृश्य संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि लोखंड गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि अल्कधर्म कमी करत जातो. पीएच नऊच्या आसपास उतरला की पापुद्रा नाहीसा होतो. मिठातील क्लोराइड तर पीएच चांगला असतानाही हा पापुद्रा ठिकठिकाणी भेदतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. आतून येणाऱ्या त्या दाबाने काँक्रीटला तडे जातात आणि पोपडे सुटतात. जुन्या इमारतींच्या सज्ज्यांखाली उघड्या पडलेल्या तांबूस सळया हे त्याचेच दृश्य आहे. फरक इतकाच, की सज्जाचा पोपडा पहिल्या मजल्यावरून पडतो आणि आवरणाचा तुकडा पाचव्या मजल्यावरून पडू शकतो.

आता साधे गणित मांडू. दोन्ही बाजूंना 45-45 मिलिमीटर कव्हर आणि मध्ये सळई, असे धरले तर फलक किमान 100 मिलिमीटर जाड हवा. चांगल्या प्रतीच्या काँक्रीटसाठी मानक पाच मिलिमीटरची सवलत देते. ती घेतली तरी जाडी 90 मिलिमीटरच्या आसपास राहते. म्हणजे साध्या लोखंडी जाळीवर ओतलेला 30-40 मिलिमीटरचा फलक कोकणात इमारतीच्या दर्शनी भागावर लावणे हे मुळातच विसंगत आहे. आवारभिंतीसाठी मिळणाऱ्या पातळ तयार फळ्या आणि दर्शनी भागाचे फलक यांत गल्लत होऊ नये. आवारभिंतीची फळी गंजली तर बदलता येते. डोक्यावर लटकणाऱ्या फलकाबाबत तशी वाट पाहता येत नाही.

दोष पुष्कळदा ओतण्याच्या दिवशीच आत शिरतो. खाडीतली रेती न धुता वापरली, तर मीठ बाहेरून येण्याची गरजच उरत नाही. सळयांच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला 0.6 किलोपेक्षा अधिक क्लोराइड असू नये, अशी मर्यादा याच मानकात आहे. रेतीची तपासणी हा कागदी सोपस्कार नाही, तो फलकाच्या आयुष्याचा पाया आहे.

काचेचे तंतू आणि सिमेंटचे वैर

जीआरसीमध्ये सळईच नसल्याने गंजाचा प्रश्न मिटतो. पण त्याच्या जागी दुसरा येतो. सिमेंटचा जो अल्कधर्म लोखंडाला वाचवतो, तोच काचेला खातो. साधे काचतंतू सिमेंटमध्ये मिसळले तर काही काळातच त्यांची ताकद जाते. यावर उपाय सापडला तो 1960 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या इमारत संशोधन केंद्रात. ए. जे. मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिर्कोनिया मिसळलेली, अल्क सोसणारी काच विकसित केली आणि पिल्किंग्टन कंपनीने तिचे व्यापारी उत्पादन केले. आज चांगल्या जीआरसीसाठी किमान 16 टक्के झिर्कोनिया असलेले तंतूच वापरायचे, हा सर्वमान्य दंडक आहे.

अल्क सोसणारी काचही अमर नसते. काळानुसार जीआरसीची लवचीकता घटते आणि तो अधिक ठिसूळ होतो. ही प्रक्रिया ओल आणि उष्णता यांमुळे वेग घेते. प्रयोगशाळेत काही आठवड्यांत अनेक वर्षांचा परिणाम पाहायचा असेल, तर संशोधक जीआरसीचे नमुने गरम पाण्यात बुडवून ठेवतात. कोकणातला पावसाळा आणि त्यानंतरचा ऑक्टोबरचा उकाडा पाहिला, तर थंड, कोरड्या देशातील अनुभव इथे जसाच्या तसा का लावता येत नाही, हे समजते. मिश्रणात मेटाकाओलिनसारखी पूरके घातल्याने हा ऱ्हास मंदावतो. शिवाय फलकाचा आराखडा त्याच्या ताज्या ताकदीवर नव्हे, तर वार्धक्यातील ताकदीवर करायचा असतो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या फलकाचा चाचणी अहवाल दाखवणाऱ्या विक्रेत्याला ‘वीस वर्षांनंतरचे काय?’ हा प्रश्न विचारायला हवा.

तंतूंचा प्रकार डोळ्यांनी ओळखता येत नाही. साधी काच आणि झिर्कोनियाची काच, दोन्ही पांढऱ्याच दिसतात. किमतीत मात्र मोठा फरक असतो. म्हणून तंतूंच्या खरेदीचे प्रमाणपत्र मागणे हा अविश्वास नव्हे, ती गरज आहे.

झापांचे शास्त्र

आधुनिक आवरणाचे सर्वात उपयुक्त तत्त्व कोकणाला नवे नाही. पावसाळ्याआधी घराच्या वाऱ्याकडच्या बाजूला झावळ्यांची झापे बांधण्याची पद्धत इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. झड झापांवर आदळायची आणि पाणी खाली निथळायचे. झाप आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून वारा फिरायचा आणि मातीची किंवा जांभ्याची भिंत कोरडी राहायची.

पाश्चात्त्य अभियांत्रिकीत ‘रेनस्क्रीन’ नावाने शिकवले जाते ते नेमके हेच. बाहेरचा फलक पाऊस झेलतो, मागे काही सेंटिमीटरची पोकळी असते, आत शिरलेले थोडे पाणी पोकळीतून खाली उतरून बाहेर पडते आणि मूळ भिंत सुकी राहते. उन्हाळ्यात याच पोकळीतून गरम हवा वर निघून जाते, त्यामुळे आतली भिंत कमी तापते.

पैसे आणि जागा वाचवण्यासाठी पोकळी न ठेवता फलक थेट भिंतीवर सिमेंटने चिकटवला किंवा पोकळीची खालची बाजू बंद केली, तर चित्र उलटते. आत गेलेले पाणी अडकते. बाहेरून इमारत नवी कोरी दिसते आणि आत भिंतीला ओल धरते. पूर्वी ओल गिलाव्यावर दिसायची, आता ती सुंदर आवरणामागे लपते.

हा केवळ भिंतीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओल आणि बुरशी असलेल्या जागेत राहणाऱ्या व काम करणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात, हा त्यातील निष्कर्ष आहे. व्यापारी इमारतीत खिडक्या बंद आणि वातानुकूलन चालू असते. दिवसाचे आठ-दहा तास तिथे काढणाऱ्या बँकेतील कर्मचाऱ्यापर्यंत किंवा दवाखान्यात आलेल्या रुग्णापर्यंत ती बुरशी हवेतून पोहोचते.

वाऱ्याचा दाब नव्हे, ओढ

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने जिल्ह्यात घरांची छपरे, पत्रे, विजेचे खांब आणि बागा उद्ध्वस्त केल्या. त्या दिवशी उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले, त्यांना वारा वस्तू नुसती ढकलत नाही, ओढतोही, हे सांगावे लागणार नाही.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 120 किलोमीटर वेगाला चौरस मीटरवर सुमारे 68 किलो वजनाइतका दाब येतो. वाऱ्याच्या भारासाठीच्या ‘आयएस 875, भाग 3’ या मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी 158 किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला हाच दाब सुमारे 118 किलोंवर जातो. इमारतीच्या कोपऱ्यांवर आणि गच्चीच्या कडांवर बाहेरच्या दिशेने बसणारी ओढ याहूनही अधिक असू शकते. पाच-सात किलोंचा एसीपी असो की पंचवीस किलोंचा जीआरसी, उभ्या भिंतीवर त्याचे स्वतःचे वजन त्याला धरून ठेवत नाही. सगळी भिस्त मागच्या ब्रॅकेट आणि अँकरवर असते.

याच मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत एक गोष्ट रायगडकरांनी लक्षात घ्यावी अशी आहे. चक्रीवादळप्रवण पट्टा म्हणून त्यात पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा यांचा सुमारे 60 किलोमीटर रुंदीचा भाग धरला आहे. तिथे वादळानंतर चालू राहणे आवश्यक असलेल्या रुग्णालयांसारख्या इमारतींसाठी वाऱ्याचा वेग 1.3 पट आणि औद्योगिक बांधकामांसाठी 1.15 पट धरावा लागतो. वेग 1.3 पट म्हणजे दाब जवळजवळ 1.7 पट. कोकणचा किनारा या तरतुदीत नाही. ‘निसर्ग’ आणि पुढच्याच वर्षी, मे 2021 मध्ये किनाऱ्याजवळून गेलेले ‘तौक्ते’ यांच्यानंतर ही तफावत खटकते. मानक बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. पेण-रोह्यातील रुग्णालय किंवा निवारा होऊ शकणाऱ्या इमारतीच्या आवरणासाठी अभियंता स्वतःहून वाढीव वेग धरू शकतो. वाढीव खर्च काही अँकरचा असतो.

अँकरचा धातू हाही कळीचा मुद्दा. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड खाऱ्या, दमट पोकळीत फार काळ टिकत नाही. स्टेनलेस स्टीलच्या 304 प्रतीपेक्षा मॉलिब्डेनम असलेली 316 प्रत क्लोराइडला अधिक तोंड देते. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि लोखंडी बोल्ट थेट एकमेकांना चिकटले, तर ओल्या हवेत त्यांच्यात विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम झिजते. मध्ये रोधक चकती लागते. शिवाय जीआरसी भिजला की किंचित फुगतो आणि सुकला की आकसतो. मीटरमागे ही हालचाल एक ते दीड मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. तीन मीटरच्या फलकाचे चारही कोपरे घट्ट आवळले, तर त्या हालचालीला वाव राहत नाही आणि फलकाला तडा जातो. म्हणून काही अँकर लांबट भोकांत सरकते ठेवावे लागतात. ‘घट्ट बसवा’ ही मुकादमाची नेहमीची सूचना इथे चुकीची ठरते.

आगीच्या बाबतीत काँक्रीट उजवे

आगीच्या कसोटीवर काँक्रीटच्या आवरणाची बाजू भक्कम आहे. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत 72 जणांचा मृत्यू झाला. स्वयंपाकघरातून सुरू झालेली आग बाहेरच्या आवरणावरून काही मिनिटांत वर चढली. ते आवरण पॉलिथिलीनचा गाभा असलेल्या अॅल्युमिनियम फलकांचे होते. वजनाला वजन धरले तर पॉलिथिलीनमधील उष्णता डिझेलच्या तोडीची असते. काँक्रीट जळत नाही.

मात्र फलक जळत नाही म्हणून पोकळी सुरक्षित झाली असे नव्हे. पोकळी धुराड्यासारखे काम करते. आत उष्णतारोधक म्हणून फोम भरला किंवा केबल मोकळ्या सोडल्या, तर आगीला वर जायला वाट मिळते. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर पोकळीत आगरोधक अडसर हवा आणि तो पाण्याचा निचरा न अडवणारा हवा. पाऊस आणि आग या दोघांची मागणी एकमेकींविरुद्ध आहे. ती सांधण्यातच आराखड्याचे कसब आहे.

धूळ कोणाच्या छातीत?

इमारतीच्या आवरणाची चर्चा रंग, पोत आणि चौरस फुटाचा दर इथे थांबते. परांचीवर ग्राइंडरने फलक कापणारा कामगार तिच्यात क्वचितच येतो. आरोग्याच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातील सर्वात मोठा धोका त्यालाच आहे.

वाळूतील स्फटिकमय सिलिका, म्हणजे क्वार्ट्‌झ, कापताना अतिसूक्ष्म धूळ होऊन उडते. तिचे कण केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात आणि थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. तिथे त्यांचे व्रण बनतात आणि फुप्फुस हळूहळू कडक होते. हा सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. सहसा दहा वर्षांहून अधिक संपर्कानंतर तो दिसतो. धूळ फार असेल तर त्याहून लवकर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्येच श्वासावाटे जाणारी स्फटिकमय सिलिका मानवात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवली. सिलिकोसिस झालेल्यांना क्षयरोगाचा धोका बराच वाढतो. दोन्ही आजारांची लक्षणे आणि क्ष-किरण चित्र सारखे दिसू शकत असल्याने अनेक कामगार वर्षानुवर्षे फक्त क्षयाची औषधे घेत राहतात.

रायगडच्या दृष्टीने यात एक बारकावा आहे. इथला काळा दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात मोकळे क्वार्ट्‌झ कमी असते. त्यामुळे स्थानिक क्रश सँडच्या काँक्रीटची धूळ तुलनेने कमी घातक ठरू शकते. पण जीआरसीसाठी सहसा धुतलेली सिलिका वाळूच वापरतात आणि वाफेवर पक्क्या केलेल्या फायबर सिमेंटच्या पाट्यांमध्ये दळलेले क्वार्ट्‌झ असते. म्हणजे जुन्या कामाच्या सवयी नव्या मालाला लावणे धोक्याचे आहे.

अमेरिकेने 2016 मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅम सिलिका ही मर्यादा ठरवली. भारताच्या 1948 च्या कारखाने अधिनियमातील सूत्र शुद्ध क्वार्ट्‌झच्या धुळीला लावले, तर मर्यादा सुमारे 100 मायक्रोग्रॅम येते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून, सिलिकाचे प्रमाण फार असलेल्या कृत्रिम दगडी लाद्यांवर थेट बंदीच घातली. काँक्रीटच्या आवरणावर बंदीची गरज नाही, कारण उपाय सोपे आहेत. फलक कारखान्यातच मापानुसार ओतावेत, म्हणजे जागेवर कापावे लागत नाहीत. कापावेच लागले तर पाण्याची धार सोडून कापावे. धूळ ओढणारे यंत्र जोडलेला कटर वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही; चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन 95 किंवा त्याहून वरचा मुखवटा लागतो. कामाच्या निविदेत ‘ओले कापकाम’ हा एक शब्द घालायला मालकाला फारसा खर्च येत नाही.

डोलवीची स्लॅग, पेणचे साचे

या विषयात पेण तालुक्याकडे स्वतःची अशी दोन बलस्थाने आहेत. पहिले डोलवीचे. पोलाद तयार करताना झोतभट्टीतून निघणारी स्लॅग झटपट थंड करून दळली, की तिच्यात सिमेंटसारखे गुण येतात. डोलवीला पोलाद कारखान्याबरोबरच स्लॅग सिमेंटचाही कारखाना आहे. पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅगचे प्रमाण 25 ते 70 टक्के असू शकते. अशा सिमेंटच्या काँक्रीटमधील छिद्रे अधिक बारीक होतात आणि क्लोराइड आत शिरायला वेळ लागतो. किनारी प्रदेशासाठी हा मोठा फायदा. जगातील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के मानला जातो. क्लिंकरच्या जागी स्लॅग आली की तेवढे उत्सर्जन टळते. अट एकच. स्लॅगचे काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरते, म्हणून त्याला अधिक दिवस पाणी मारावे लागते. घाईने साचा सोडला आणि पाणी मारण्यात कसूर झाली, तर फायद्याचा तोटा होतो.

दुसरे बलस्थान पेण आणि हमरापूर-जोहे परिसरातील मूर्तिकारांचे. साचा कसा करायचा, तो कुठे जोडायचा, नक्षी न मोडता कसा सोडवायचा, हे ज्ञान या कारखान्यांत पिढ्यांपासून आहे. जीआरसीच्या नक्षीदार फलकांना नेमके हेच कसब लागते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींभोवती निर्बंध आणि न्यायालयीन लढायांची अनिश्चितता असताना, वर्षातून काही महिने हे हात दुसऱ्या ओतकामाकडे वळू शकतात. प्रशिक्षण आणि धुळीपासूनचे संरक्षण मात्र पहिल्या दिवसापासून हवे.

तपासणी कोण करणार?

24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमधील ‘तारीक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा मृत्यू झाला. ती दुर्घटना आवरणाची नव्हती, पण इमारतीच्या दर्जाची देखरेख कागदावर राहिली तर काय होते, हे रायगडने तेव्हा पाहिले. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरचे महाकाय जाहिरात फलक वादळी वाऱ्यात कोसळून 17 जणांचा बळी गेला. इमारतीच्या सांगाड्याबाहेरच्या वस्तूंकडे दुर्लक्ष झाल्याचा तो धडा होता.

न्यूयॉर्कमध्ये 1979 मध्ये इमारतीवरून निखळलेला तुकडा डोक्यात पडून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्या शहराने दर्शनी भागांच्या नियमित तपासणीचा कायदा केला. आज तिथे सहा मजल्यांहून उंच इमारतींचे दर्शनी भाग दर पाच वर्षांनी तपासावे लागतात. सिंगापूरने 2022 पासून 13 मीटरहून उंच आणि 20 वर्षांहून जुन्या इमारतींसाठी दर सात वर्षांनी अशी तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे बांधकाम परवानगीच्या वेळी इमारतीच्या सांगाड्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. आवरण मात्र बहुधा शोभेची बाब मानले जाते.

पेण आणि रोहा या शहरांना एक फायदा आहे. मुंबईत चढून बसलेली हजारो आवरणे आता उतरवून तपासणे अवघड आहे; इथे बहुतेक आवरणे अजून चढायची आहेत. परवानगीच्या अर्जासोबत आवरणाचा स्वतंत्र आराखडा, अँकरच्या धातूचे आणि काचतंतूंचे प्रमाणपत्र, वाऱ्याच्या भाराचे गणित आणि ओल्या कापकामाची हमी मागणे नगरपरिषदांना आजच सुरू करता येईल. इमारतीचा मालकही एवढे तरी विचारू शकतो: फलकामागे पोकळी किती, तिच्यातले पाणी कुठून बाहेर पडते, अँकर कोणत्या धातूचे आणि दहा वर्षांनी एक फलक काढून मागे पाहायचे झाल्यास तो काढता येतो का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ते आवरण न लावलेलेच बरे. खोल सज्जे, पाणी भिंतीपासून दूर टाकणाऱ्या पागोळ्या, चांगल्या प्रतीचा गिलावा किंवा उघडा जांभा यांनी बांधलेली साधी इमारतही कोकणात पन्नास पावसाळे काढू शकते. काँक्रीटचे आवरण हा त्याहून चांगला पर्याय ठरू शकतो, पण त्याचे मागचे अंग पुढच्या अंगाइतकेच नीट केले असेल तरच.